फोंगचानचं अक्षर

सवेंग गुरुजींच्या अंत्यविधीला आलेल्या माणसांनी पुस्तक हातात घेतलं, एक पान उलटलं आणि परत टेबलावर ठेवून दिलं. इथे थाई मुलखात, आमच्या लांपांगमध्ये, असं कधी होत नाही. चितेपाशी चंदनाचं फूल ठेवायचं, पायऱ्या उतरायच्या आणि खाली मांडलेल्या टेबलावरून गेलेल्या माणसाच्या आठवणींचं पुस्तक उचलून घरी जायचं, ही रीत. पुढे ते वाचा नाहीतर कपाटात टाका, पण घ्यायचं. न घेणं म्हणजे गेलेल्याच्या तोंडावर दार आपटणं. आणि गुरुजींनी तर अर्ध्या गावाला मुळाक्षरं शिकवलेली.

मीही एक प्रत उचलली. पहिल्या पानावर गुरुजींचा फोटो होता. दुसऱ्या पानापासून त्यांचं चरित्र सुरू होत होतं आणि ते सगळं फोंगचानच्या अक्षरात होतं. फोंगचानला जाऊन तीन पावसाळे झाले होते.

तिचं अक्षर ओळखायला आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. विहाराच्या कमानीवरचे फलक, पुष्पचक्रांच्या फितींवरची नावं, दान देणाऱ्यांच्या पाट्या, सगळं तीच लिहायची. थोडं उजवीकडे झुकलेलं, घाईत ओढलेलं, आणि अक्षराच्या डोक्याशी जो लहान गोल असतो तो कधीही पुरता न मिटलेला. त्या अर्धवट गोलांपायी शाळेत गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या तिने.

"घ्या. आता त्यांचं सगळं चरित्र त्याच गोलांत लिहून काढलं की नाही बाईने," माझ्यापुढची बाई कुजबुजली. कुणी हसलं नाही. मी प्रत ठेवून दिली. भुतांना मी मानत नाही, पण मुद्दाम त्यांच्या वाटेलाही जात नाही.

हे पुस्तक छापलं होतं लुंग इनकेओंनी. ते फोंगचानचे नवरे. 'लुंग' म्हणजे काका, पण त्यांना गावातली सगळीच माणसं लुंग म्हणतात, त्यांच्यापेक्षा मोठी असलेलीसुद्धा. नदीकाठी त्यांचा छोटा छापखाना आहे आणि अंत्यविधीची पुस्तकं हेच तिथलं मुख्य काम. तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मी घालून दिलं होतं, फोंगचानच्या हट्टामुळे. फुकट मिळतं आणि आत काय चाललंय ते उघडून बघता येतं, एवढ्यावर ती खूश होती. तिला कुठलीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

टेबलापासून मी चार पावलं गेले नसेन तोच लुंगांच्या थोरल्या बहिणीने, पा बुआलांनी ('पा' म्हणजे मावशी), माझी बाही धरली.

"ताओ, उद्या सकाळी छापखान्यात ये. कासवासारखी ये, पण ये."

माझं नाव ताओ, म्हणजे कासवच, त्यामुळे हा विनोद मी जन्मल्यापासून ऐकते आहे.

"लुंग काय म्हणतात?"

"आमच्याशी काही म्हणत नाही. तिच्याशी बोलतो."

मी हसणार होते. पण पांचं तोंड बघितलं आणि म्हटलं, येते.

सकाळी गेले तेव्हा छापखान्याची फळ्यांची दारं अर्धीच उघडली होती. आत शाईचा आणि डिंकाचा वास, आणि कडेच्या टेबलावर झाकून ठेवलेली पेज. पांनी झाकण उचलून मला दाखवलं. पेजेवर साय धरली होती, चमचा कोरडा होता.

"कालची आहे," पा हळूच म्हणाल्या. "परवाची मी कुत्र्याला घातली. चिकट भात, भाजलेल्या मिरचीचा ठेचा, डुकराची कुरकुरीत साल, जे जे आवडतं ते सगळं करून झालं. म्हणतो, जेवलो. कुठे जेवलास रे? तर म्हणतो, मी तिला सांगितलंय जेवलो म्हणून. आता बोल."

लुंग यंत्रासमोर पाठमोरे बसले होते. त्यांचा सदरा खांद्यांवरून असा लोंबत होता की आत माणूस आहे की हँगर, कळू नये. वर्षभरापूर्वी हेच लुंग विहाराच्या जेवणावळीत पैज लावून खायचे. मला खरोखर भीती वाटली, आणि ती भुताची नव्हती.

"लुंग, मी ताओ."

"माहीत आहे. तुझ्या चपला वाजतात." ते वळले नाहीत. "कशाला आलीस? काही बिघडलेलं नाही."

मी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. वरच्या पट्टीतली सगळी नावं, तारीख, वार, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं फोंगचानने नुकतंच बसून लिहिल्यासारखं दिसत होतं. खाली एक लहान चौकट उघडी होती. तिच्यात लिहिलं होतं, 'कागद संपला आहे.' ती जिवंत असताना अशाच चिठ्ठ्या लिहून भिंतीला चिकटवायची, आणि लुंग त्या कधी वाचायचे नाहीत. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या बाईने भुताला घाबरणं बरं दिसत नाही, म्हणून मी एक स्टूल ओढून धपकन बसले.

"लुंग, अलीकडे अपडेट केलं होतंत का?"

"त्यानेच विचारलं, करू का. मी म्हटलं, कर. बंद झालं, परत चालू झालं." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. डोळे खोल गेले होते, पण चेहरा शांत होता. "चालू झालं तेव्हा ती होती."

"आणि गुरुजींचं पुस्तक? छापताना तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. यंत्राने विचारलं, ठरवलेलं अक्षर सापडत नाही, दुसरं घेऊ का? तिच्याच हाताने विचारलं. मी तिला नाही म्हणू?"

"अरे, पण गुरुजींच्या बायकोला काय वाटलं असेल?" पा मागून म्हणाल्या. "दोन घरांनी कालच काम काढून नेलं. लोक म्हणतात, इनकेओकडे पुस्तक दिलं तर फोंगचान लिहिते."

"लिहितेच," लुंग म्हणाले.

त्यांनी चौकट बाजूला केली. मागे एक लांबलचक पान होतं. मी वाचू लागले आणि वाचायला नको होतं असं वाटलं, पण तोवर उशीर झाला होता.

'जेवलास का?'

'जेवलो.'

'आज उकडतंय. पाणी पीत जा.'

'पितो.'

'दमलास ना? मी इथेच आहे.'

'माहीत आहे.'

असं पानामागून पान. प्रश्न तिच्या अक्षरात आणि उत्तरंही तिच्याच अक्षरात, कारण यंत्राला आता दुसरं अक्षर येतच नव्हतं. दोन माणसांचं बोलणं एकाच हाताने लिहिलेलं. सगळं टाइप करत होते लुंग. ते बोटांनी लिहीत होते आणि मान वर करून वाचत होते, जणू समोरून आलं आहे. मी असतानाच त्यांनी 'ताओ आली आहे' असं टाइप केलं, थोडं थांबले आणि मग 'तिला बसायला सांग' असं लिहून माझ्याकडे पाहून मान डोलावली.

"बघितलंस?" पा दाराशीच थांबून म्हणाल्या. आत यायला त्या तयार नव्हत्या. "हा तिच्यामागे जाणार. तिने नाही नेलं तर स्वतःच्या पायांनी जाईल. तू ते काढ."

"काही काढायचं नाही," लुंग आवाज न चढवता म्हणाले.

"काढत नाही," मी म्हटलं. "पण कुठून आलं ते तरी बघू द्या. फोंगचान असती तर तिने उघडून बघितल्याशिवाय सोडलं असतं का?"

त्यांनी कळफलक माझ्याकडे सरकवला, पण स्वतः जागचे हलले नाहीत.

अक्षरं बदलली की आधी साध्या गोष्टी तपासायच्या. अपडेटनंतर कधीकधी अक्षरांच्या कडा जाड होतात, कधी बारीक आणि फिकट होतात, ते एका सेटिंगवर ठीक होतं. कधी यंत्र जुनी आठवण धरून बसतं, ती पुसली की शहाणं होतं. मी दोन्ही करून पाहिलं. एकदा पडदा काळा झाला तेव्हा लुंगांनी माझं मनगट घट्ट धरलं. परत उजळला आणि तिचं अक्षर पूर्वीसारखंच झुकून आलं, तेव्हा त्यांनी हात सोडला.

मग मी यंत्राला सरळच विचारलं. थाई मजकूर समोर आला की तू कुठला फॉन्ट घेतोस? असं विचारण्याची एक आज्ञा असते. उत्तर एका ओळीत आलं.

फोंगचान.

पांनी ते दारातून वाचलं, छातीशी हात जोडले आणि त्या तडक बाहेर गेल्या.

"भूत नाही, पा," मी ओरडून सांगितलं. "फॉन्टचं नाव आहे." पण माझाच आवाज जरा चिरकला.

पुढचं मग उलगडत गेलं. फोंगचानने एका पावसाळ्यात बसून आपल्या अक्षराचा फॉन्ट केला होता. कागदावर एकेक अक्षर काढायचं, स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर नीट बसवायचं. मी तेव्हा तिला मदत केली होती, म्हणजे ती करायची आणि मी तिच्याकडचा चहा प्यायची. तो फॉन्ट तिच्या फोल्डरमध्ये अजून होता. अपडेटने पुस्तकांसाठी वापरायचा नेहमीचा फॉन्ट काढून टाकला होता आणि त्याच्या जागी नवा आणायचा राहून गेला. मग यंत्र थाई अक्षरं कुणाकडे आहेत ते शोधत घरभर फिरलं आणि हिच्या दारात येऊन थांबलं.

"हे ती नाहीये असं तुला म्हणायचंय," लुंग म्हणाले.

"एक गोष्ट कळत नाही, लुंग. फॉन्ट इतकी वर्षं इथेच आहे. मग यादीत तो कधी दिसला कसा नाही?"

"ती म्हणाली होती, मोडून टाकला. शेवटी शेवटी मी मागितला होता. तुझ्या पुस्तकाला वापरू का, म्हणून विचारलं." ते थोडं थांबले. "नको त्या वेळी विचारलं. पण आमच्या धंद्यात पुस्तकाचं आधीच ठरवतात ना. ती म्हणाली, तो मोडला, साध्या अक्षरात छाप. मग मी छापलंच नाही. सगळ्या गावाची पुस्तकं केली, तिचं केलं नाही."

मी शोधत राहिले. फॉन्टसाठी नियम लिहून ठेवायची एक जुनी जागा असते आणि एक नवी. नव्या जागी काही नव्हतं. जुन्या जागी एक छोटी फाइल होती. तिच्यात एकच नियम होता, की 'फोंगचान' हा फॉन्ट कुणालाही दाखवायचा नाही, अगदी दुसरा काही सापडला नाही तरीही. अपडेटनंतरचं लिनक्स जुन्या जागी बघायचं बंद झालं होतं. एवढंच झालं होतं.

फाइलवर तारीख होती. सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, आधीचे दिवस. हॉस्पिटलने हात टेकले आणि तिला घरी आणलं होतं, तेव्हाचे. लुंग तेव्हा तिच्या उशापासून हलत नव्हते, मी चियांगमाईला होते, आणि पांना तर माऊसची भीती वाटते. असा नियम लिहिता येणारी त्या घरात एकच बाई होती. तिला धड उभं राहता येत नव्हतं. लुंग औषध आणण्यापुरते बाहेर गेले असताना ती भिंत धरून इथवर आली असणार.

हे सांगावं की नाही, मला कळेना. नुसता नियम नव्या जागी हलवून, झालं दुरुस्त, म्हणून निघून जाता आलं असतं. पण मग लुंगांना वाटलं असतं की ताओने तिला घालवलं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी तिला परत बोलावून घेतील. म्हणून मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि जसं होतं तसं सांगितलं.

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. ती तारीखसुद्धा तिच्याच अक्षरात होती.

"म्हणजे दार तिनेच लावलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुमच्या त्या अपडेटने उघडलं."

"हो."

"मग ती आली नाही. नुसतं दार उघडं राहिलं."

पा केव्हा आत आल्या ते मला कळलं नव्हतं. त्या भावाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आपण तिच्या कानात काय सांगितलं होतं, इनकेओ?" त्या म्हणाल्या. "जीव अडकवू नकोस, मागे वळून बघू नकोस, आम्ही बघू आमचं. सांगितलं होतं ना? तिने ऐकलं. सगळं आवरून गेली बिचारी. आणि तू तिला रोज सकाळी इथे आणून बसवतोस, मी जेवलो म्हणून खोटं सांगायला."

लुंगांनी तोंड वेडंवाकडं केलं. रडू येणार असं वाटलं, पण आलं नाही.

"लाव," ते मला म्हणाले. "तिने लावलं होतं तसंच लाव. पुसू नकोस."

"पुसत नाही."

मी तिचा नियम तसाच्या तसा उचलला आणि नव्या जागी ठेवला. त्यातलं एक अक्षर बदललं नाही. नेहमीचा फॉन्ट परत आणून बसवला. मग लुंगांना विचारलं, आता बंद करून चालू करू ना? त्यांनी आधी ते लांबलचक पान उघडलं, शेवटच्या ओळीखाली बोटं ठेवली, काही लिहायचं होतं. पण लिहिलं नाही. पान जपून ठेवलं आणि मान हलवली.

यंत्र परत चालू झालं. पट्टीवरची नावं सरळ उभी होती, गोल पूर्ण मिटलेले होते. सरकारी कचेरीतल्या कागदासारखं सगळं स्वच्छ. पांनी मोठा सुस्कारा सोडला आणि पेज गरम करायला घेऊन गेल्या. मला मात्र एकदम ओकंबोकं वाटलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या चितेपाशी मी रडले नव्हते, तेव्हा धावपळ होती. आता कसलीच धावपळ नव्हती.

लुंगांनी ते पान उघडलं. मी नको म्हणणार होते.

'जेवलास का?' साध्या, कुणाच्याही नसलेल्या अक्षरात.

'जेवलो.'

'दमलास ना? मी इथेच आहे.'

ते वाचत खाली खाली गेले. कपाळावर आठी पडली. परत वर आले, परत खाली गेले. हस्तलिखित तपासताना चूक सापडली की ते असेच पुढे झुकतात.

"ताओ," ते म्हणाले, "हे तिचं बोलणं नाही."

"नाही, लुंग."

"नाही म्हणजे, ती असं बोलायचीच नाही. जेवलास का, असं तिने जन्मात विचारलं नाही. ताट आदळायची समोर. आणि मला म्हाताऱ्या म्हणायची. पंचविशीत होतो तेव्हापासून. इथे बघ, इतकी पानं, एकदाही म्हातारा नाही." ते माझ्याकडे असे बघत होते की मी काहीतरी करून ते शोधून द्यावं. "मी लिहीत होतो आणि मला आठवलंसुद्धा नाही. अक्षर तिचं होतं म्हणून मी ऐकून घेतलं. तीन वर्षांत मी तिचं बोलणं विसरलो, ताओ."

हे ऐकून मला जे वाटलं ते भूत बघूनही वाटलं नसतं.

"मग सांगा ना," मी कसंबसं म्हटलं. "आत्ता इथे असती तर काय म्हणाली असती?"

ते पडद्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, खाली जमिनीकडे बघत राहिले. चुलीवर पेज उकळल्याचा आवाज आला, पांनी भांडं उतरवलं, तरी ते तसेच. मला वाटलं, आता नाहीच आठवणार, आणि हे मी विचारायला नको होतं.

"उठ, म्हाताऱ्या," लुंग म्हणाले. आवाज त्यांचा होता, पण लय तिची. घाईची, जराशी तिरकी. "बूड हलव. मला काम आहे."

आणि ते उठले. गुडघे धरून, यंत्राचा आधार घेऊन उठले, खुर्ची कुणाला बसायला द्यावी तशी नीट मागे सरकवली आणि पेजेच्या टेबलाकडे गेले. पांनी वाडगा पुढे केला. त्यांनी चमचा हातात घेतला.

गुरुजींचं पुस्तक नव्याने लावायचं होतं, शंभराव्या दिवसाच्या विधीला तरी लोक घेतील म्हणून.

"त्या खुर्चीत बस की," पा मला म्हणाल्या. "स्टुलावर पाठ मोडेल."

"इथे बरी आहे," मी म्हटलं, आणि स्टुलावरूनच हात लांब करून काम सुरू केलं.